पहिली सांजोरी

धुळे, गल्ली नंबर चार
१९ एप्रिल १९३७

चि. सौ. प्रमिलेस अक्काचे अनेक आशीर्वाद.

माझं माणूस तुझ्या घरी आलं आहे. नीट सांभाळ.

हसू नकोस. अडीच वर्षं ही मिशनरी एडनाबाई जोडीदारणीसह माझ्या मागच्या खोलीत राहिली. आता मुंबईच्या त्यांच्या वरिष्ठांनी हुकूम धाडला की शेवटचे पाच आठवडे जळगावला काम करा. धुळ्यात काही पिकलं नाही, तिकडे तरी पिकतं का बघा, असा त्याचा अर्थ. जळगावात त्यांना ओळखतं कोण? मीच बोलून बसले की माझी धाकटी बहीण पिंप्राळ्याला असते, तिचे मालक अभिमनराव कापसाच्या जिनात कारकून आहेत, ओसरीची खोली रिकामी आहे. बोलले आणि मग जीभ चावली.

आता ऐक. दोघींना चहा देऊ नकोस, त्यांच्या अमेरिकेतल्या मॉर्मन ख्रिस्ती पंथात चहा-कॉफी चालत नाही. दूध दे, गूळ घालून. एडनाबाईला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा लागतो. डोळ्यांतून पाणी गळतं, पण ताटातलं टाकत नाही. पहिल्या वर्षी मी तिचं ताट वेगळं ठेवत असे, हे तुला आठवत असेल. ते ताट आता कुठे आहे मलाच ठाऊक नाही. आणखी एक. त्यांना एकटीने कुठेही जायची मुभा नाही, कायम जोडीने राहायचं. एक विहिरीवर निघाली की मार्थाबाई मागे आलीच. ही मार्थाबाई नवी आहे, मुकी राहते, तिचा त्रास नाही.

बिचाऱ्यांनी गावोगाव पायपीट केली, पण पांझरा नदीच्या पाण्यात बाप्तिस्म्याला एक माणूस उतरला नाही. आमची शेजारीण भिकुबाई एडनाबाईला तोंडावर म्हणाली, "बाई, बठ्ठं गाव ऐकस, पन हालस कोनी नही." एडनाबाई भिकुबाईपेक्षा जास्त हसली.

त्यांच्यात सेवेची मुदत ठरलेली असते. घरचे लोक खर्च करतात, मुदत भरली की परत. तिची बोट २२ मेला मुंबईहून सुटते. त्याआधी १३ तारखेला अक्षय्य तृतीया, आपली आखाजी आहे. मागच्या दोन्ही आखाज्या तिने माझ्या अंगणातल्या झोक्यावर काढल्या. लेकीबाळींनी माहेरी यायचा सण, आणि तिला या मुलखात माहेर म्हणजे मीच. तेव्हा १० मेला दोघींना सर्व्हिस मोटारीत बसवून दे. विसरू नकोस.

तिच्या आईची पत्रं अजून माझ्याच पत्त्यावर येतात. आली की पुढे धाडीन.

तानुबाई

*

पिंप्राळे, जळगाव
२२ एप्रिल १९३७

ती. अक्कास प्रमिलाचा नमस्कार.

तुझं माणूस धडधाकट पोचलं. मोजून घेतलं, हात दोन, पाय दोन.

अक्का, तू सांगितलंस त्यातलं निम्मं इथे लागूच पडलं नाही. ठेच्याला ती शिवली नाही, माझ्या हातची वांग्याची भाजी तीनदा मागून घेतली. "धुळाम्हा असं नही भेटनं," म्हणाली. तिची अहिराणी ऐकून आमच्या सासूबाई पदरात तोंड घालून हसल्या. छकुली तर तिच्या कडेवरून उतरत नाही. पोरगी दीड वर्षाची होऊन गेली, पण तिच्या सख्ख्या मावशीच्या कडेवर किती वेळा बसली असेल, ते तूच आठव.

काल दोघी नशिराबादेला जाऊन आल्या. लोक जमले, ऐकलं, पाणी दिलं, एकाने खरबूज दिलं. धर्माचं मात्र कोणी काही घेतलं नाही. परत येताना एडनाबाई ते खरबूज डोक्यावर घेऊन आली, आमच्या बायकांसारखं. अख्खं पिंप्राळं दारात उभं.

रोज विचारते, आईचं पत्र आलं का. आलं की लगेच धाड.

आखाजीचं अजून लांब आहे, बघू.

प्रमिला

*

धुळे
२६ एप्रिल १९३७

प्रमिले,

"बघू" म्हणजे काय? त्यात बघायचं काय आहे?

वांग्याच्या भाजीचं वाचलं. माझ्याकडे अडीच वर्षांत तिने वांग्याला हात लावला नाही, अंगाला खाज सुटते म्हणायची. आता तुझ्याकडे तीनदा मागून घेते! पाहुणी माणसं यजमानाचं मन राखतात, तेवढ्याने फुगून जाऊ नकोस. आणि खरबूज डोक्यावर घ्यायला तिला कोणी शिकवलं, ते तिलाच विचार.

तिच्या आईचं पत्र शनिवारी, २४ तारखेला आलं. पोस्टमन रहीमभाईंनी हातात दिलं. या खेपेला पाकिटावरचं अक्षर निराळं आहे, आईचं ते वाकडंतिकडं नाही, कोणा दुसऱ्याचं आहे. मी ते पुढे धाडत नाही. टपालात गहाळ झालं म्हणजे? माझ्या पेटीत लुगड्याच्या घडीत ठेवलं आहे. एडनाबाईला सांग, आईचं पत्र धुळ्याला आलंय, येऊन घेऊन जा. यायला आखाजीची वाट बघायचंही कारण नाही. चार दिवस आधी आली तरी घर तिचंच आहे.

आजच सांग.

अक्का

*

पिंप्राळे
३० एप्रिल १९३७

ती. अक्कास नमस्कार.

पत्र पोचलं. इकडे सर्व खुशाल.

मार्थाबाईला दोन दिवस ताप होता, आता उतरला. एडनाबाई तिच्या उशाशी बसून होती. हे म्हणाले, यांचा जोडीचा नियम बरा आहे, आपल्यातही असायला हवा होता.

एक आनंदाची गोष्ट. परवा ह्यांनी चिंचेला झोक्याचा दोर बांधला. एडनाबाईने स्वतः गाठ ओढून पाहिली. आखाजी इथेच करायची असं मी तिला म्हटलं, ती बरं म्हणाली. धुळ्याला जाऊन यायचं म्हणजे दोघींनी जायचं, मार्थाबाईच्या अंगात त्राण नाही, त्यात पारोळ्यापर्यंतचा रस्ता कसा आहे ते तुला माहीत आहेच. मुंबईची थेट गाडी तर जळगावहूनच मिळते. तिच्या सोयीचं तेच आहे.

तू मनाला लावून घेऊ नकोस. तू दोन आखाज्या केल्यास, एक मी करते.

संध्याकाळी ती पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून ओसरीवर बसते. वाईट वाटतं.

प्रमिला

*

धुळे
३ मे १९३७

प्रमिले,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पत्राविषयी एक अक्षर नाही. ती पोस्टमनची वाट बघते आणि तुला वाईट वाटतं! अगं, मग तिला सांगितलंस का नाहीस, की पत्र माझ्याकडे आलंय?

नाहीच सांगितलंस. मी तुला वाढवलं आहे. आई गेली तेव्हा तू तीन वर्षांची होतीस, तेव्हापासून तुझं गप्प बसणं मला ओळखू येतं. सांगितलंस तर ती त्याच दिवशी मोटारीत बसून माझ्याकडे येईल, हे तुला पक्कं ठाऊक आहे. म्हणून तोंड शिवून बसलीस. जळतेस तू, प्रमिले. पहिल्या दिवसापासून जळतेस. तू आली होतीस त्या आखाजीला ती झोक्यावर बसली तेव्हा तुझं तोंड कसं झालं होतं, ते मी पाहिलं होतं.

मीही सांगून ठेवते. पत्र पेटीतून हलणार नाही. तिला हवं असेल तर ती इथे येईल, आखाजीला येईल, आणि माझ्या हातची पहिली सांजोरी खाऊनच आगगाडीत बसेल. तू एक आखाजी करणार म्हणे! आखाजी काय तुळशीचं रोप आहे, इथलं उपटून तिथे लावायला?

तिला सांग.

अक्का

*

पिंप्राळे
६ मे १९३७

अक्का,

हो, जळते. लिहूनच देते.

पण कोणावर, ते तुला अजून कळलेलं नाही. तुला वाटतं मला तुझी एडनाबाई हवी आहे. मला ती कशाला हवी? चांगली आहे बिचारी, पण दोन आठवड्यांनी बोटीत बसून जाईल. मला तू हवी होतीस.

तू भाड्याने दिलीस ती मागची खोली कोणाची होती? माझी. भिंतीवर माझ्या उंचीच्या रेघा आहेत, तूच कोळशाने ओढलेल्या. लग्नानंतरच्या दुसऱ्या आखाजीला मी पोटुशी होते. मोठ्या हौसेने आले. कडुनिंबाच्या झोक्यावर ती बसलेली, तू झोके देत होतीस. दर आखाजीची पहिली सांजोरी तू तळणीतून काढून माझ्या हातावर ठेवायचीस, फुंकर घालून. त्या दिवशी ती तिच्या हातावर ठेवलीस. मला म्हणालीस, "तू घरनी शेस, तू माघून खा." मी मागून खाल्ली. गार झाली होती.

ते जाऊ दे. पहिलं बाळंतपण मुलीच्या माहेरी होतं, सगळ्या खानदेशात होतं. तू कळवलंस, खोलीत भाडेकरू आहेत, जागा नाही, तिकडेच उरकून घ्या. छकुली इथे जन्मली. सासूबाई जन्मभर म्हणतील, हिला माहेर नाही. मागच्या आखाजीला न्यायला मुराळीही धाडला नाहीस. मी भरलेली पिशवी तीन दिवस खुंटीला टांगून ठेवली होती. आपला चुलत भटूभाऊ पारोळ्याहून एका दिवसात आला असता, तू निरोपच दिला नाहीस. माझ्या वाटणीचं माहेर तू एका परक्या बाईला दिलंस, आणि वर तिला या मुलखात माहेर नाही म्हणून रडतेस!

म्हणून मी तिला पत्राचं सांगितलं नाही. अजून सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. तुला ते द्यायचं असेल तर तू स्वतः घेऊन ये. लग्न झाल्यापासून माझ्या घराचा उंबरा तू ओलांडलेला नाहीस. लेकीच्या घरी जेवायचं नसतं, तर जेवू नकोस, पाणीही पिऊ नकोस. पण ये. तिच्यासाठी तरी ये.

प्रमिला

*

धुळे
१४ मे १९३७

चि. प्रमिलेस आशीर्वाद.

काल संध्याकाळी सुखरूप पोचले. मोटार पारोळ्याला तासभर बंद पडली, बाकी काही नाही.

बघ, माझंच खरं झालं की नाही! आखाजी तुझ्या अंगणात झाली, पण सांजोऱ्या माझ्या होत्या. डबा उघडला, पहिली एडनाबाईच्या हातावर ठेवली, तुझ्या डोळ्यांदेखत. मला बघून तिचा चेहरा कसा उजळला! "अक्का, तू उनी, बरं जयं," म्हणाली. ते ऐकायला मी तेवढी धूळ खात आले. पत्रही दिलं हातात. आता तरी तुझं समाधान झालं असेल.

तुझं ते लांबलचक पत्र वाचलं. फार मनात धरतेस तू. नवऱ्यामागे एकटी बाई मी, खोली रिकामी ठेवून कसं भागणार होतं? आणि घरच्या माणसाला मागून वाढतात, त्यात अपमान कसला? पण तुझं घर बघून बरं वाटलं. छकुली माझ्यावर गेली आहे, कपाळावर आठ्या घालून बघते.

एडनाबाई उद्या मुंबईला निघेल ना? तिला म्हणावं, बोटीवरून पत्र टाक.

अक्का

*

पिंप्राळे
१७ मे १९३७

अक्का,

एडनाबाई शनिवारी गेली, मुंबईपर्यंत मार्थाबाई सोबत आहे. तू गेल्यावर काय झालं ते लिहिते. बसून वाच.

तू पत्र तिच्या हातात दिलंस आणि सांजोऱ्यांचा डबा सोडायला वळलीस. तुझं लक्ष नव्हतं, मी बघत होते. तिने आधी वरचं अक्षर पाहिलं. मग पाकीट उलटं केलं. मागे टपालाचा शिक्का होता, धुळे, २४ एप्रिल. तो तिने वाचला. मग तुझ्या पाठीकडे बघितलं. किती वेळ बघत होती! तू वळलीस तेव्हा तिने हात पुढे केला आणि तू त्यावर सांजोरी ठेवलीस. तिने ती तुझ्यासमोर पूर्ण खाल्ली. पत्र न फोडताच पिशवीत ठेवलं. तुला मोटारीपर्यंत पोचवायला आली तेव्हा हसत होती, ते तू बघितलंसच.

तू गेल्यावर ती चिंचेखाली झोक्यावर बसली आणि पत्र फोडलं. वाचून झाल्यावर तशीच बसून राहिली. छकुली तिच्या पायाला बिलगली, तिने तिला उचललं नाही. मार्थाबाई, जी कधी बोलत नाही, ती स्वयंपाकघरात येऊन मला सांगून गेली. पत्र तिच्या बहिणीने लिहिलेलं होतं. आई अंथरुणाला खिळली आहे. डॉक्टर म्हणतो, जून काढणं कठीण आहे. तार करून पोरीला घाबरवू नका असं आईचंच म्हणणं, म्हणून साधं पत्र. वरिष्ठांना सांगून मुदतीआधी सुटका मागून घे आणि मिळेल त्या पहिल्या बोटीने ये, असं लिहिलं होतं. अक्का, एक बोट १ मेला होती. मार्थाबाईने बोटींच्या यादीत बघितलं, तिच्यात जागा होती.

पत्र तुझ्याकडे २४ तारखेला आलं. माझ्या कानावर २८ ला आलं. मी त्या दिवशी नुसतं तोंड उघडलं असतं तरी ती १ मेच्या बोटीत बसली असती.

स्टेशनवर मी तिला सगळं सांगितलं. पत्र तू ठेवलंस, आणि ठेवलंस हे मला माहीत होतं, आणि मी बोलले नाही. का, तेही सांगितलं. लाज वाटली, पण काही मागे ठेवलं नाही. तिने ऐकून घेतलं. रागावली नाही, रडली नाही. गाडी हलली तेव्हा तिने हातही हलवला नाही.

प्रमिला

*

धुळे
२१ मे १९३७

प्रमिले,

तीन दिवस लेखणी हातात घेत होते आणि ठेवत होते.

तू सगळं सांगून टाकलंस, मी एक गोष्ट अजून कोणाला सांगितलेली नाही. तुला सांगते. ते निराळं अक्षर बघितलं तेव्हाच मी ओळखलं होतं, बातमी बरी नाही. आपली आई गेली तेव्हा मी नुकतीच सासरी आले होते. आईच्या नावाने पत्र आलं, अक्षर शाळामास्तरांचं. माझ्या सासूने ते चार दिवस डब्यात ठेवलं, घरात लग्न होतं म्हणून. मी पोचले तेव्हा आईचा दहावा होता, आणि तू दारात एकटी खेळत होतीस. आईच्या पत्रावर दुसऱ्याचं अक्षर आलं की काय समजायचं, हे माझ्याइतकं कोणाला कळणार? मला कळलं, आणि तरी मी पत्र पेटीत ठेवलं. स्वतःला म्हटलं, असेल कोणी शेजारीण, आईचा हात दुखत असेल. मला ती आखाजीला हवी होती. माझी सासू बरी, तिने निदान लग्नासाठी ठेवलं. मी झोक्यासाठी ठेवलं.

उद्या तिची बोट. भिकुबाईने विचारलं, तुनं तोंड असं काबर? मी सांगितलं, ऊन लागलं.

मागच्या खोलीत जाऊन बसले. भिंतीवरच्या रेघा आहेत अजून. मी पुसल्या असतील असं तुला वाटलं असेल.

अक्का

*

(धुळ्याच्या पत्त्यावर आलेलं, देवनागरीत हाताने लिहिलेलं)

५ ऑगस्ट १९३७

अक्का आणि प्रमिला,

दोघींना हे एकच पत्र, कारण दोघींचं काम एकच होतं.

माझी आई २४ जूनला गेली. मी ३ जुलैला घरी पोचले. नऊ दिवस.

बहीण सांगते, शेवटच्या आठवड्यात दारात गाडी थांबली की आई विचारायची, एडना का? दूधवाला असायचा. मग ती म्हणायची, बोट लांबली असेल.

मी एडन बंदरापर्यंत तुमच्यावर रागावले होते. एडननंतर जास्त रागावले. माझ्या धर्मात क्षमा लगेच करायला सांगितली आहे. मी अडीच वर्षं खानदेशात तेच सांगत फिरले. आता कळतं, लोक नुसते ऐकून घरी का जात होते.

इथल्या सभेत मला उभं करून विचारलं, किती माणसं मिळवलीस? मी म्हटलं, एकही नाही, पण दोन बहिणी माझ्यावरून भांडल्या. सगळे हसले. प्रमिलाने स्टेशनवर सांगितलं ते खरं असेल, तर त्या माझ्यावरूनही भांडत नव्हत्या. ते मी सभेत सांगितलं नाही.

अक्का, तुझ्या घरी मी सुखात होते. ती खोली दुसऱ्या मुलीची आहे हे मला कोणी सांगितलं असतं, तर मी ओसरीवर झोपले असते.

पुढच्या आखाजीपर्यंत मला पत्र लिहू नका. तोवर मला रागावू द्या. त्यानंतर लिहा. दोघींनी लिहा.

एडना

*

धुळे
१८ एप्रिल १९३८

चि. सौ. प्रमिलेस अक्काचे अनेक आशीर्वाद.

२ मेला आखाजी आहे. भटूभाऊला मुराळी म्हणून धाडते आहे, २८ तारखेला तो तुझ्या दारात उभा राहील. तू, छकुली, आणि जे पोटात आहे ते, सगळ्यांनी यायचं. सासूबाईंना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, पहिलं बाळंतपण अक्काच्या चुकीने राहिलं, दुसरं धुळ्यालाच होईल. त्यांना वाटलं तर मी स्वतः येऊन विनवीन. आता तुझा उंबरा मला ओळखीचा आहे.

मागची खोली सारवून ठेवली आहे. भाडेकरू ठेवला नाही. रेघांवर हात फिरवला नाही, सारवताना तेवढी भिंत सोडली.

आखाजीला आपण पितरांच्या नावाने घागरी भरतो. यंदा एक घागर जास्तीची आणली आहे, एडनाबाईच्या आईच्या नावाची. भिकुबाई म्हणाली, "परधर्मनी बाई, तिनी घागर आपला घरम्हा?" मी म्हटलं, बाई, तिला तहान लागली तेव्हा मीच पाणी अडवलं होतं. भिकुबाईला काही कळलं नाही, पण ती घागर तिनेच धुऊन ठेवली.

अक्का

*

पिंप्राळे
२२ एप्रिल १९३८

ती. अक्कास नमस्कार.

येते. पिशवी भरली आहे, या खेपेला खुंटीला टांगली नाही, दारातच ठेवली आहे. सासूबाईंना तुझा निरोप सांगितला, छकुलीच्या नव्या झबल्याला त्यांनीच काजं केली.

एकच विचारते. वर्षभर मनात आहे. हसलीस तरी चालेल, पण खरं सांग. पहिली सांजोरी कोणाला?

प्रमिला

*

धुळे
२५ एप्रिल १९३८

प्रमिले,

पहिली घागरीवर ठेवायची, एडनाबाईच्या आईला. दुसरी तुला, तळणीतून काढलेली, फुंकर घालून.

त्या बाईवर तरी जळू नकोस.

आखाजी झाली की दोघी बसून एडनाबाईला पत्र लिहू. मजकूर मी सांगेन, तू लिही. मला काही सुचलं नाही तर नुसती खुशाली लिही, आणि सही आधी तू कर.

अक्का